भाचीचा रिपोर्ट ४६ एक्सवाय आलाय, म्हणजे नेमकं काय समजायचं?

मधली_मावशी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, सतरावं सरत आलंय, बारावी सायन्सला आहे. पाळी अजून आली नाही. उंची आमच्या घरात सगळ्यांच्या वर, छाती वगैरे वयाप्रमाणं, त्यामुळं दोन वर्षं आम्ही येईल येईल म्हणत काढली. पपई झाली, अळिवाचे लाडू झाले, एका वैद्यांचा काढा झाला, बहीण रूपाभवानीला नवस पण बोलून आली. दिवाळीनंतर शेवटी लेडी डॉक्टरकडं नेलं, त्यांनी पाळी आणायच्या गोळ्या दिल्या, काही उपयोग नाही. सोनोग्राफी केली तर पिशवीच दिसली नाही आणि जांघेत दोन्ही बाजूला छोट्या गाठी. मग रक्त पुण्याला पाठवलं. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, ४६ एक्सवाय. टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या रेंजमध्ये. चिठ्ठीवर एआयएस लिहून पुढं प्रश्नचिन्ह.

ज्या मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं त्यांनी पाच मिनिटं दिली. म्हणाले ही आतून मुलगा आहे, गाठी काढून टाकू नाहीतर कॅन्सर होईल, गड्डा (आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा) झाला की तारीख घ्या, आणि मुलीला यातलं काही सांगू नका. बास. बहीण तेव्हापासून धड जेवत नाही. पोरीला सांगितलंय की पिशवी लहान आहे, छोटं ऑपरेशन आहे. माझी आई वेगळंच धरून बसलीय, की थोरलीला आत्याच्या घरात दिली म्हणून हे झालं, त्यावरून भावजींच्या घरात धुसफूस चालू.

नेटवर शोधलं तर इंटरसेक्स असा शब्द येतो आणि पुढं नको नको ते फोटो. मला एवढंच कळायला पाहिजे की ही मुलगी आहे की नाही, ऑपरेशनची खरंच घाई आहे का, आणि तिला सांगायचं की नाही.

टिकेकरवाडी_लोकल

ताई वाईट वाटून घेऊ नका पण हे तृतीयपंथीच झालं ना? आमच्या गल्लीत जुनी माणसं म्हणायची असलं लेकरू त्या लोकांना द्यावं लागतं, ते येऊन मागतात म्हणे.

स्लाईड_नंबर_दोन

लोकल, काय बोलायलास बे, जरा बघून बोल की. कुणाला काही द्यावं लागत नाही. शंभर वर्षं चाललेली अफवा आहे ही.

मावशी, मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण कॅरिओटायपिंगचे नमुने रोज हातातून जातात. हिरव्या टोपणाची बाटली असते ना तीच. त्यातल्या पेशी तीन दिवस वाढवतात, मग एका टप्प्यावर थांबवून क्रोमोसोम मोजतात. त्या रिपोर्टवर जे येतं ते फक्त क्रोमोसोमचं मोजमाप, म्हणजे एकूण ४६ आणि त्यात एक एक्स, एक वाय, जी जोडी सहसा पुरुषांत असते. त्यावर "मुलगा" किंवा "मुलगी" असा शिक्का नसतो, तो आपण मारतो. (लोक काउंटरवर हळूच विचारतात की ही टेस्ट करणं गुन्हा नाही ना. नाही ओ. पीसीपीएनडीटी कायदा पोटातल्या बाळाचं लिंग बघण्याबद्दल आहे, १९९४ चा. जन्मलेल्या माणसाची ही तपासणी उघड चालते.)

आता आत काय होतं ते. पोटात पहिले सहा-सात आठवडे सगळ्या बाळांची घडण सारखीच असते, दोन्हीकडं जायची तयारी. वाय असेल तर त्याच्यावरचं एसआरवाय नावाचं जीन साधारण तेव्हा कामाला लागतं आणि त्या ग्रंथींचे वृषण होतात. वृषण दोन कामं करतात. एक हार्मोन सोडून पिशवीचा कच्चा भाग विरघळवून टाकतात आणि दुसरं, टेस्टोस्टेरॉन बनवतात, त्यानं बाहेरची रचना मुलाची होते. एआयएस म्हणजे अँड्रोजेन इन्सेन्सिटिव्हिटी सिंड्रोम. त्यात पहिलं काम झालेलं असतं म्हणून पिशवी नाही, आणि जांघेतल्या गाठी म्हणजे बहुतेक हे वृषणच. दुसरं अडतं. टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे, पण शरीरातल्या पेशी ते घेतच नाहीत, कारण घेणारा रिसेप्टर बिघडलेला. तुम्ही सोलापूरच्या आहात म्हणून सांगते, सूत ढिगानं पडलंय पण मागावरचा धोटाच चालत नाही, मग ती नक्षी कापडावर उतरणार कुठून. बाहेरून रचना मुलीचीच होते. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचं शरीर इस्ट्रोजेन करतं, म्हणून छाती वाढते, उंची वाढते. काखेत केस फार कमी असतात, चेहऱ्यावर मुरमं जवळपास नसतात. तुमच्या भाचीचं तसं आहे का बघा, पण तिला संशय येईल असं टक लावून बघू नका.

"आतून मुलगा" हे मला पटलं नाही. तिच्या शरीराच्या एकाही कोपऱ्यानं आजपर्यंत ते टेस्टोस्टेरॉन नीट ऐकलेलं नाही, आणि आपण एका कागदावरून तिला मुलगा म्हणायचं?

आणि शाळेत आपण गांडूळ उभयलिंगी, जास्वंद उभयलिंगी असं पाठ केलंय, तो शब्द माणसाला लावू नका. गांडुळात दोन्ही यंत्रणा चालू असतात. माणसात तसं होत नाही. इंटरसेक्स हे एका आजाराचं नाव पण नाही, ती मोठी पेटी आहे, त्यात चाळीसेक वेगवेगळ्या गोष्टी येतात, काही जन्मताच दिसतात, काही सतराव्या वर्षी, काही मूल होत नाही म्हणून तपासल्यावर. तृतीयपंथी ही बहुतेक वेळा मनातल्या ओळखीची गोष्ट, ही शरीराच्या घडणीची. एखाद्या माणसात दोन्ही असू शकतं पण एक म्हणजे दुसरं नव्हे.

हातमाग_नऊ

मावशी मी हे कुठं लिहीत नाही पण तुमचं "मुलीला सांगू नका" वाचलं आणि राहवलं नाही.

मला सीएआयएस आहे. कम्प्लीट एआयएस. एक्केचाळीस वर्षांची बाई आहे, सोलापुरातच जन्म, अशोक चौकाच्या मागं. वडील चादरीच्या कारखान्यात, आई विड्या वळायची. नऊ वर्षांची असताना दोन्ही जांघेत गाठी आल्या, हर्निया म्हणून ऑपरेशन झालं. मुलींना दोन्हीकडं हर्निया निघाला तर हे एकदा तपासावं असं आता डॉक्टर सांगतात, शंभरात एखादीला निघतं. माझ्या वेळी ऑपरेशन करताना कळलं आणि तिथंच काढून टाकलं. आईला सांगितलं, पोरीला शब्द काढायचा नाही. आईनं देवासमोर शपथ घेतल्यासारखं पाळलं.

तेराव्या वर्षापासून मला रोज एक गोळी. "ताकदीची" म्हणून. ती इस्ट्रोजेनची होती, कारण गाठी काढल्यावर शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. पण मला काय माहीत? पुण्याला हॉस्टेलला गेले, अंगात ताकद भरपूर होती, म्हटलं कशाला पाहिजे, बंद केली. आठ वर्षं बंद. एकोणतिसाव्या वर्षी स्कूटीवरून साधी घसरले आणि मनगट मोडलं, हाडाच्या डॉक्टरनी हाडांची तपासणी करायला लावली, रिपोर्ट बघून म्हणाले तुझी हाडं साठीतल्या बाईची आहेत, तू काही बंद केलंयस का. तेव्हा घरी येऊन आईला बसवलं. ती उठली, ट्रंक उघडली, लग्नातल्या शालूखालून फाईल काढून माझ्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी घासायला लागली, घासलेलीच.

मला रिपोर्टनं धक्का बसला नाही एवढा त्या वीस वर्षांनी बसला. मला वाटायचं पाळी येत नाही म्हणजे मी काहीतरी घाण केलंय, किंवा मला मरणाचा आजार आहे आणि घरचे लपवतायत. लपवताना घरचे कसे दिसतात माहितीये का, मुलीला सगळं कळतं, फक्त काय ते कळत नाही. तुमची भाची बारावी सायन्सला आहे, तिला क्रोमोसोमचा धडा आहे. ती चिठ्ठीवरचं एआयएस एकदा मोबाईलवर टाकणार आणि एकटी असताना वाचणार.

कॅन्सरबद्दल. माझ्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं तसं सांगते. कम्प्लीटमध्ये वयात येईपर्यंत धोका फार कमी असतो, पुढं वय वाढतं तसा थोडा वाढतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी वाढ पूर्ण होऊ देतात, आणि मग तिला स्वतःला विचारून ठरवतात, काढायचं की सोनोग्राफीवर लक्ष ठेवत राहायचं. ठेवलं तर शरीर स्वतःचं इस्ट्रोजेन बनवत राहतं, काढलं तर गोळी किंवा पॅच बरीच वर्षं चुकवायचा नाही. पण आधी हे नक्की कम्प्लीटच आहे ना ते कळायला पाहिजे. पार्शल, म्हणजे रिसेप्टर थोडाफार चालतो असा प्रकार असेल तर धोक्याचं गणित वेगळं. आणि स्वायर म्हणून एक प्रकार आहे, तिथं पण ४६ एक्सवाय येतं, त्यात पिशवी असते आणि ग्रंथी लवकर काढाव्या लागतात. तुम्ही म्हणता पिशवी नाही, छाती वाढलीय, म्हणजे ते वाटत नाही, तरी ठरवू दे डॉक्टरना. हार्मोनवाल्या डॉक्टरला दाखवा, एंडोक्रायनॉलॉजिस्ट, लहान मुलांचा मिळाला तर उत्तम. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणे गाठा, संध्याकाळी परत. गड्ड्याची तारीख कुठं पळून जात नाही.

पेढे_बर्फी

मी बाप म्हणून लिहितोय. आमचं प्रकरण वेगळं पण "घाई नाही" हे वाचून कुणी चुकीचं धरू नये म्हणून लिहितो, कारण एका प्रकारात फार घाई असते.

आमचं बाळ झालं तेव्हा नर्सबाई म्हणाल्या मुलगा आहे, गोळ्या (वृषण) अजून खाली उतरल्या नाहीत, उतरतील. आमच्या अर्ध्या विडी घरकुल वसाहतीत पेढे वाटून झाले. बाराव्या दिवशी बारशाच्या गडबडीत बाळ ओकायला लागलं, दूध ओढेना, वजन जन्माच्या पण खाली. आम्ही म्हणालो नजर. तेराव्या दिवशी बाळ गार पडायला लागलं तेव्हा पळालो. सोडियम एकदम खाली, पोटॅशियम वर. तिथल्या एका तरुण डॉक्टरनी डायपर उघडून बघितलं आणि लगेच सतरा-ओएचपी नावाची टेस्ट पाठवली. सीएएच निघालं. बाळ एक्सएक्स. मुलगी. पिशवी, अंडाशय सगळं जागेवर, फक्त मूत्रपिंडाच्या डोक्यावर जी ग्रंथी असते ती एक एन्झाइम नसल्यामुळं मीठ धरून ठेवणारं हार्मोन बनवत नाही आणि पुरुषी हार्मोन जास्त बनवते, म्हणून बाहेरून तसं दिसत होतं.

तर बाळाचे अवयव नीट कळत नसतील आणि "मुलगा" म्हटलं तरी गोळ्या हाताला लागत नसतील तर पहिल्या आठवड्यातच सोडियम पोटॅशियम बघा. हा मिठाचा प्रकार दोन-तीन आठवड्यात लेकरू नेतो. औषध स्वस्त आहे, हायड्रोकॉर्टिसोन, पण दुसरी गोळी फ्लुड्रोकॉर्टिसोन, ती मला सुरुवातीला नव्या पेठेत एकाही दुकानात मिळाली नाही, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याहून मागवायचो. आता सहा वर्षांची आहे, भांडकुदळ आहे. ताप आला की डोस वाढवायचा हे शाळेतल्या बाईंना पण लिहून दिलंय.

खालच्या ऑपरेशनसाठी पहिल्या वर्षी मागं लागलेले लोक होते, घरातलेच, "उद्या लग्नात काय सांगणार". लघवीला काही अडचण नाही, इन्फेक्शन नाही, मग आम्ही थांबवलंय. मोठी झाली की तिचं ती बघेल.

बर्फी नंतर वाटली. काही घरांनी घेतली नाही.

मावशी, तुमच्या आईंच्या नात्यातल्या लग्नाच्या मुद्द्यावर. आमच्या घरात मामाशी लग्न चालतं, माझी बायको माझ्या बहिणीची मुलगी. सीएएचमध्ये आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जीन यावं लागतं, त्यामुळं नात्यात लग्न असेल तर शक्यता वाढते, हे खरंय, आम्ही ते गिळलंय. पण तुमच्या भाचीचं एआयएस असेल तर त्यात बापाचा संबंधच येत नाही.

स्लाईड_नंबर_दोन

पेढे_बर्फी बरोबर बोलले. एआयएसचं जीन एक्सवर असतं. मुलीला एक्स आईकडून मिळाला आणि वाय बापाकडून, म्हणजे बिघाड आला तर आईच्या बाजूनं, नाहीतर नव्यानंच झालेला, साधारण तीनातल्या एका घरात तो नव्यानं होतो. आत्याच्या घरात दिली काय किंवा लातूरला दिली काय, फरक पडला नसता. पण म्हणून आता आईला दोष द्यायला सुरुवात करू नका, हे कुणी केलेलं नसतं. फक्त मावशी, जीन-टेस्ट करून बहिणीत बिघाड निघाला तर तुम्ही पण एकदा विचारा, तुम्हाला मुली असतील तर.

पार्क_मैदान

तिला खेळात घातलंय का? उंची म्हणालात म्हणून. मी खो-खो आणि ॲथलेटिक्स शिकवतो. आपल्याकडं तामिळनाडूची शांती सौंदराजन, २००६ ला दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरला सिल्व्हर, लिंगचाचणी झाली आणि मेडल काढून घेतलं, गावभर बोभाटा. आणि स्पेनची मारिया होसे मार्तिनेज पातिन्यो, अडथळ्यांची शर्यत धावायची, तिला तर सीएआयएसच होतं. १९८५ मध्ये जपानच्या कोबेला टेस्टमध्ये वाय निघाला, तिला गप्प बसायला सांगितलं, ती बसली नाही, भांडली आणि १९८८ ला परत पात्र ठरली. मुद्दा एवढाच की तिला वाय बघून बाहेर काढलं, पण तिचं टेस्टोस्टेरॉन तिच्या स्नायूंना लागूच पडत नव्हतं. अडाणी कारभार. वर्ल्ड ॲथलेटिक्सनं २०२५ च्या सप्टेंबरपासून परत जीन टेस्ट आणलीय मोठ्या स्पर्धांना, त्यामुळं पोरगी वरपर्यंत खेळणार असेल तर हे तिला आधी घरातून कळलेलं बरं, मैदानावर कळण्यापेक्षा.

सातरस्ता_वकील

कायद्याचं थोडक्यात. मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठानं एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं की जीवाला धोका नसेल तर इंटरसेक्स बाळांवर आणि मुलांवर लिंग "नॉर्मल" करायची ऑपरेशनं करायची नाहीत. गंमत म्हणजे मूळ केस एका लग्नाच्या नोंदणीची होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडू सरकारनं तसा आदेश काढला. आपल्या महाराष्ट्राला तो आदेश लागू नाही, पण डॉक्टरांसमोर हे वाक्य बोलून बघा, आवाज बदलतो. आणि फाईलची कॉपी मागा, सगळे रिपोर्ट, तो तुमचा हक्क आहे. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्यात इंटरसेक्स लोकांना पण त्याच व्याख्येत घातलंय, त्यावर बऱ्याच इंटरसेक्स लोकांचा आक्षेप आहे. पण तुमच्या भाचीला त्यासाठी कुठलंच कार्ड काढायची गरज नाही, तिचा जन्मदाखला, आधार, सगळं आहे तसं राहतं.

मधली_मावशी

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. हातमाग ताई, तुमचं लिहिलेलं बहिणीला वाचून दाखवलं. ट्रंकेपर्यंत आले आणि ती म्हणाली बास. मग दहा मिनिटांनी म्हणाली पुढं वाच.

तारीख घेतली नाही. पुण्याची अपॉइंटमेंट मिळालीय. पण तिला सांगायचं कसं? आणि लग्नाचं काय हो? घरात सगळे तिथंच येऊन थांबतात.

हातमाग_नऊ

एका बैठकीत सगळं सांगायचं नाही, आणि रडत तर अजिबात सांगायचं नाही. जे नक्की आहे तेवढंच, पिशवी नाही, पाळी येणार नाही, यात तुझी काही चूक नाही, तुझ्यासारख्या अजून आहेत. क्रोमोसोमचं डॉक्टरांसमोर, तिला प्रश्न विचारता येतील असं. आणि मावशी, कुणाकुणाला सांगायचं ते तिला ठरवू द्या. तुम्ही इथं लिहिलंत ते चांगल्यासाठी, पण बारावी सायन्स, उंच वगैरे अजून तपशील टाकू नका.

लग्न. स्वतःच्या पोटी मूल होणार नाही, बाकी संसार होतो. संबंधांना कधीकधी अडचण येते, जागा आखूड असते, त्यावर ऑपरेशनशिवाय घरी करायचे उपाय आहेत, तिला हवं तेव्हा, आत्ता नाही. फक्त लपवून लग्न लावू नका. मी केलं नाही, पण ते यामुळं नाही, मला एकटीला आवडतं. हे कुणाला पटत नाही ती गोष्ट वेगळी.

टिकेकरवाडी_लोकल

मावशी माझं वरचं मनावर घेऊ नका. मला माहीत नव्हतं.

मधली_मावशी

नाही घेतलं.

काल रात्री शेंगा फोडत बसलो होतो आम्ही तिघी, आई, बहीण आणि मी. मी स्लाईड ताईंनी लिहिलेलं सांगत होते, की हे आईकडून लेकीकडं येतं, बापाचा संबंध नाही, भावजींच्या घराला बोल लावू नका. आईचे हात थांबले. आमची एक मावशी होती, आईची धाकटी बहीण. लग्न होऊन दोन वर्षात परत आणून सोडलेली. वांझ म्हणून. नवऱ्यानं दुसरी केली. आयुष्यभर आमच्याच घरी राहिली, विड्या वळायची, आम्हा चौघांना तिनंच न्हाऊमाखू घातलं. उंच होती, माळ्यावरचा डबा स्टूल न घेता काढायची.

आई म्हणाली, तिलाबी कधी आली नव्हती. कुणाला माहीत नव्हतं, मला तेवढं सांगितलेलं.

मग परत शेंगा फोडायला लागली. भाची आतल्या खोलीत अभ्यास करत होती, तिनं तिथूनच विचारलं, कुणाला काय आलं नव्हतं आजी?

बहिणीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, हितं ये, बस जरा.